सासूबाईंची उमेदवारी

६ जानेवारी

आजपासून दोन वह्या. दुकानातली हिरवी वही सरकारी. शिकाऊ उमेदवाराच्या प्रगतीची नोंद प्रशिक्षकाने रोज ठेवावी असा नियम आहे, त्यामुळे ती कोणीही उघडून वाचू शकतं. ही वही माझी. जे सरकारला सांगता येत नाही, आणि बायकोला तर मुळीच नाही, ते हिच्यात.

झालं असं, की कुलूप-किल्लीच्या धंद्याला नवा नियम लागला. ज्या दुकानात एक तरी प्रमाणपत्रवाला माणूस नाही, त्या दुकानाने या एकतीस डिसेंबरनंतर दुसऱ्याच्या घराचं दार उघडायचं नाही. किल्ल्या बनवा, कुलपं विका, दाराला मात्र हात लावू नका. तीस वर्षं मी या गल्लीतली दारं उघडतोय. निम्म्या लोकांना स्वतःच्या दाराची जेवढी माहिती नाही तेवढी मला आहे. आणि आता माझ्याकडे कागद मागतात.

मी बायकोला स्पष्ट सांगितलं की मी परीक्षेला बसणार नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. मी परीक्षेला घाबरत नाही. शाळेत परीक्षेच्या आदल्या दिवशी मला ताप यायचा हे खरं, पण तो योगायोग होता. पाच वेळा आला.

दुसरा मार्ग म्हणजे एक शिकाऊ उमेदवार ठेवायचा, वर्षभर त्याला शिकवायचं आणि प्रमाणपत्र त्याने मिळवायचं. 'उमेदवार पाहिजे' अशी पाटी लावून दोन महिने झाले. एकच चौकशी आली. पाटी कुठे रंगवून घेतली, म्हणून.

काल जेवताना सासूबाई म्हणाल्या, "मी येते."

मला वाटलं बाजारात. "कुठे?"

"दुकानात. शिकायला."

सासूबाई त्रेसष्ट वर्षांच्या. टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाल्या, पाच वर्षं आमच्याकडे आहेत. मी हसलो. एकटाच हसलो. बायको ताटातून मान वर न करता म्हणाली, "वयाला खालची अट आहे, वरची नाही. मी विचारून आले."

कधी विचारून आली, हे मी विचारलं नाही.

९ जानेवारी

नोंदणी झाली. खिडकीतल्या बाईंनी सासूबाईंना विचारलं, "मुलाचं नाव सांगा."

"मुलाचं नाही. माझंच लिहा."

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "मग हे कोण?"

"हे माझे गुरू," सासूबाई म्हणाल्या. मागच्या रांगेतली माणसं वाकून बघायला लागली.

करारात एक वाक्य आहे: उमेदवाराने प्रशिक्षकाच्या योग्य सूचनांचे पालन करावे. सासूबाईंनी पेन काढून 'योग्य'खाली रेघ मारली. मग माझ्या सह्या झाल्या. चार पांढऱ्या फॉर्मवर आणि एका निळ्या. निळा कशाचा म्हणून विचारलं तर बायको म्हणाली, "करा हो. आज सही किती छान येतेय तुमची." खरंच छान येत होती.

१३ जानेवारी

पहिला दिवस. मी साडेनऊला पोचलो तर सासूबाई नऊपासून दारात उभ्या. वेळ पाळणे हा घटक एक आहे, म्हणाल्या. त्यांनी अभ्यासक्रम वाचला आहे. मला अजून वाचायचाय.

दुकानात एकमेकांना काय म्हणायचं, हा पेच होता. घरी त्या मला जावईबापू म्हणतात. गिऱ्हाइकासमोर बापू बरं दिसत नाही. मी सुचवलं, 'सर' चालेल. त्या म्हणाल्या, "बरं, जावईसर."

दहा वाजता पहिली किल्ली बनवायला घेतली. कोरी किल्ली पकडीत धरून कानस चालवली, दोनदा फुंकर मारली, लावून बघितली, लागली. तीस वर्षांची सवय. सासूबाईंनी विचारलं, "मधे थांबलात ते का?"

"कळतं हाताला."

"कोणत्या हाताला? डाव्या की उजव्या?"

मी विचार करायला लागलो आणि पुढची किल्ली बिघडली. त्यांनी वहीत लिहिलं: 'हाताला कळतं. कोणत्या ते विचारल्यावर कळेनासं होतं.'

२७ जानेवारी

मूल्यमापक येऊन गेले. उंच गृहस्थ, खिशात चार पेनं, दारातून वाकून आले आणि वाकलेलेच राहिले. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. परीक्षा नाही, हॉल नाही, घंटा नाही. काम जिथे होतं तिथे ते येणार, काम बघणार, प्रश्न विचारणार. एकूण अकरा घटक. प्रत्येकाला शेरे दोनच: 'जमतं' किंवा 'अजून जमत नाही'.

"आणि नापास?" मी विचारलं.

"तो शब्द आमच्याकडे नाही."

ज्या परीक्षेत नापास होता येत नाही, तिच्यात पास झाल्याचा आनंद तो काय. मी तसं म्हटलं नाही. ते मला म्हणाले, "तुमचा अनुभव किती?"

"तीस वर्षं."

"पुरावा?"

मी दोन्ही पंजे त्यांच्यासमोर धरले. ही खूण तिजोरीची, ही शाळेच्या फाटकाची, हे नख बँकेच्या शटरमध्ये गेलं. ते एकेका बोटाचा फोटो काढत गेले आणि प्रत्येक वेळी नेमकं काय केलं होतं ते विचारत गेले. बोलता बोलता तास गेला. सासूबाई स्टुलावर बसून लिहून घेत होत्या.

उमेदवार त्या, आणि फोटो माझ्या बोटांचे. हे खातं चालतं कसं, देव जाणे.

१० फेब्रुवारी

आज सासूबाईंच्या हातून गिऱ्हाइकाच्या कुलपात किल्ली तुटली. दुसरा कोणी असता तर मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. इथे सात पिढ्यांतली एक माझ्याच घरात नांदते. मी दात दाबून म्हणालो, "आई, असू द्या."

त्या म्हणाल्या, "असू द्या काय? नियम असा आहे की चूक झाल्यावर प्रशिक्षकाने ताबडतोब आणि स्पष्ट सांगावं. सांगा."

"जोर जास्त लावलात."

"अजून स्पष्ट."

"किल्ली म्हणजे काही पाट्यावरचा वरवंटा नाही."

"असं," म्हणाल्या आणि लिहून घेतलं. खूश दिसल्या. मला धीर आला. हिरव्या वहीत मी नोंद केली, 'हात जड, सुधारणेस वाव आहे.' त्याच धिराने घरी आमटीबद्दलही तेच म्हणालो. बायकोने ताट उचललं आणि आत नेलं.

२७ फेब्रुवारी

नवा शोध. उमेदवाराच्या कामाच्या वेळातला पाचवा हिस्सा कामापासून दूर राहून शिकण्यासाठी द्यावाच लागतो. सासूबाईंनी तो गुरुवारी घ्यायचं ठरवलंय. दुपारभर पाय स्टुलावर ठेवून पुस्तक वाचतात. मी एकीकडे किल्ल्या घासतो, एकीकडे गिऱ्हाईक बघतो. मधेच त्या म्हणतात, "जावईसर, स्प्रिंगबद्दल इथे चुकीचं लिहिलंय का हो?" बघावं तर खरंच चुकीचं असतं. मग ते का चुकीचं, हे अर्धा तास सांगावं लागतं, आणि त्या लिहून घेतात.

आज एका गिऱ्हाइकाने विचारलं, "मालकीणबाई वाचतायत वाटतं?"

"त्या शिकाऊ आहेत," मी म्हणालो. मी तेव्हा चहा गाळत होतो.

१९ मार्च

किल्लीशिवाय कुलूप उघडणं, म्हणजे घटक सहा, सासूबाईंना फारच मानवलं आहे. कुलपाला कान लावतात आणि आतल्या पिना ऐकतात. तीस वर्षं टेलिफोनची खरखर ऐकलेल्या कानाला पिनेचं टक् म्हणजे नगारा, म्हणाल्या. मला माझ्या ऐन भरात जे कुलूप उघडायला दहा मिनिटं लागायची, ते त्यांनी चार मिनिटांत उघडलं. मी म्हणालो, उन्हाळ्यात धातू सैल पडतो.

घरी सराव चालू असतो. आज मी अंघोळ करत असताना बाहेरून आवाज आला.

"आत कोणी आहे का?"

"मी आहे."

"किती वेळ अडकला आहात?"

"अडकलो नाही आई, अंघोळ करतोय."

"घाबरू नका," त्या म्हणाल्या, आणि कडी सरकल्याचा आवाज आला. मी साबणासकट दार रेटून धरलं.

मूल्यमापकांना सांगितलं तर ते म्हणाले, हे धरता येणार नाही. घटक नऊ म्हणजे अडकलेल्या व्यक्तीची सुटका. माणूस खरोखरच अडकलेला असला पाहिजे आणि सुटका त्यांच्या डोळ्यांसमोर झाली पाहिजे. बनाव चालत नाही.

१२ जून

कोणी अडकत नाही. तीस वर्षं आठवड्याला एक तरी महाभाग संडासात, कोठीत, गच्चीवर अडकायचा. आता माणसं जपून वागतात. सात घटक जमले, घटक नऊ मात्र जागच्या जागी. नऊ नाही तर प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही तर जानेवारीपासून मी नुसता किल्ल्या विकणार. रात्रभर तळमळलो.

आज एक गोष्ट केली ती इथेच लिहितो. शेजारच्या दंतवैद्यांकडे गेलो आणि म्हणालो, तुमच्या दारांची मोफत तपासणी करतो. मनात काळंबेरं होतं. त्यांच्या न्हाणीघराच्या कडीचा एक स्क्रू ढिला करायचा, एवढंच. स्क्रू ढिला केला. मग दिसलं की मागची पट्टी वाकली आहे. वाकलेली पट्टी मला बघवत नाही. ती सरळ केली, तेल सोडलं, बिजागरी जरा उतरली होती ती चढवली, आणि परत निघताना सवयीने स्क्रू आवळला.

आता त्या न्हाणीघरात पुढची वीस वर्षं कोणी अडकणार नाही. दंतवैद्य फार खूश आहेत.

२ सप्टेंबर

घटक नऊ आणि शेवटचा अकरावा सोडून सगळे जमले. दंतवैद्य येणाऱ्याजाणाऱ्याला माझं काम दाखवतात.

आज बेकरीवाले आले आणि म्हणाले, "त्या बाई आहेत का?" मी म्हटलं, काय काम आहे, मी करतो. ते म्हणाले, "नको, नंतर येतो. त्या नीट समजावून सांगतात." त्या जे समजावून सांगतात ते माझंच असतं. हे त्यांना समजावून सांगणं मला जमलं नाही.

१४ ऑक्टोबर

आजचं आजच लिहून ठेवतो.

मूल्यमापक अकराला आले. चहा झाला. मग ते दुकानामागच्या संडासात गेले. त्या दाराचं लॅच चार वर्षं खुटखुट करतंय, आणि मी चार वर्षं उद्या बघू म्हणतोय. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "मूठ नुसतीच फिरतेय. दार उघडत नाहीये."

मी हत्यारं घेऊन धावलो. सासूबाईंनी माझा दंड धरला. "जावईसर, घटक नऊ."

आतून मूल्यमापक म्हणाले, "बरोबर आहे. प्रशिक्षकाने हात लावायचा नाही."

"साहेब, हा बनाव नाही ना?"

"नाही. मी खरोखर अडकलोय. पण एक अडचण आहे. मूल्यमापकाने काम डोळ्यांनी बघितलं पाहिजे."

सासूबाईंनी आपला मोबाईल स्टुलावर उभा केला आणि त्यांना व्हिडिओ कॉल लावला. मूल्यमापक आत उभे राहून स्वतःची सुटका बघायला लागले. सासूबाईंचा आवाज एकदम बदलला. ऑपरेटरचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"नमस्कार. मी आपल्याला मदत करते आहे. कृपया लाइनवर राहा. आपल्याला आत असण्याचा अधिकार आहे का?"

"आहे."

"ओळखपत्र?"

दाराखालून ओळखपत्र आलं. नियमच आहे तो, दार कोणासाठी उघडतोय याची खात्री करून घ्यायची. त्यांनी फोटो आणि नाव ताडून बघितलं आणि परत सरकवलं. मग कान लावला. बराच वेळ लावला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "टक् येत नाही. का येत नाही?"

मी दोन्ही हात खिशात घातले. एरवी मी म्हणालो असतो, सरका, मी करतो. आज बोलल्यावाचून सुटका नव्हती.

"मुठीचा दांडा आत तुटलाय," मी म्हणालो. "म्हणून मूठ फिरते आणि बोल्ट सरकत नाही. मुठीचा नाद सोडा. दार आत उघडणारं आहे, ते आधी आपल्याकडे ओढून धरा."

"उघडायचंय आत, मग आपल्याकडे का?"

"आत ढकललं की सगळा दाब बोल्टवर येतो. दाबाखालची वस्तू हलत नाही. ओढलं की तो मोकळा होतो. आता प्लॅस्टिकची पट्टी फटीतून घाला, बोल्टच्या जरा वर. तिरकी."

"तिरकी का?"

"बोल्टचं टोक तिरकं कापलेलं असतं. पट्टी त्या उतारावर बसली की बोल्ट आपणहून मागे सरतो. जोर नको. खाली आणा, हळूच. अडलं की थांबा, मागे या, परत जा. हं. आता ढकला."

"साहेब, मागे व्हा," सासूबाई मोबाईलला म्हणाल्या.

"मागे जागा नाही."

"मग बाजूला व्हा."

दार उघडलं. मूल्यमापक बाहेर आले, आणि जन्मात पहिल्यांदा सरळ उभे दिसले. "घटक नऊ, जमतं," म्हणाले. मग दुसरीच कसली तरी फाइल काढून बराच वेळ लिहीत बसले. मला विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. हाताला कळतं."

"आज तोंडाने सांगितलंत," ते म्हणाले, आणि तेही लिहिलं.

संध्याकाळी ते लॅच बदललं.

२० नोव्हेंबर

कार्यालयाचं पाकीट आलं. आत प्रमाणपत्र, आणि त्याच्यावर नाव माझं. सरकारी कामात चुका व्हायच्याच. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "अय्या, किती छान," आणि स्वयंपाकघरात निघून गेली. सासूबाई म्हणाल्या, "भिंतीवर लावा." मला हे पटत नाही. दुसऱ्याने मिळवलेला कागद आपल्या नावाने वापरणं म्हणजे फसवणूक. उद्या परत करून येतो.

२१ नोव्हेंबर

परत करता आला नाही.

मूल्यमापकांनी माझ्यासमोर एक जाडजूड फाइल ठेवली. वर तो निळा फॉर्म, माझ्या सुरेख सहीचा: अनुभवी कारागिरांच्या कौशल्याची नोंद व मान्यता. आत माझ्या बोटांचे फोटो. दंतवैद्यांचं पत्र, त्यांच्या कडीबद्दल. आणि सासूबाईंच्या अक्षरात पानंच्या पानं. विचारलं: का? उत्तर. विचारलं: का? उत्तर. एकशे त्रेचाळीस उत्तरं, सगळी माझी.

"परीक्षा कधी झाली?" मी विचारलं.

"जानेवारीत सुरू झाली. ऑक्टोबरात संपली."

म्हणजे नऊ महिने मी परीक्षेत होतो. घरी येईपर्यंत अंग तापलं. बायकोने थर्मामीटर बघितला. "शंभर. यंदा उशिरा आला."

मग तिने सांगितलं. मूल्यमापक शिकाऊ उमेदवार असलेल्या दुकानातच येतात. मी तर परीक्षेचं नाव काढू देत नव्हतो. म्हणून मायलेकींनी हे ठरवलं. मी पांघरूण ओढून घेतलं. खरं सांगायचं तर मला प्रमाणपत्राचं काही वाटलं नाही. वाटलं ते दुसरंच. सासूबाई पेज घेऊन आल्या तेव्हा विचारलं, "म्हणजे तुम्हाला शिकायचं नव्हतंच."

त्या वाटी हातात धरून उभ्या राहिल्या. "पहिला आठवडा नव्हतं," म्हणाल्या. "मग मी घासलेली किल्ली एका म्हाताऱ्या शिंप्याच्या कुलपाला लागली. तेव्हापासून आहे. पेज गार होतेय."

८ डिसेंबर

दुकानाचा प्रश्न मिटला. आता सासूबाईंचा घटक अकरा उरला आहे: स्वतंत्रपणे काम करण्यास तयार. याला मूल्यमापक लागत नाहीत, फक्त प्रशिक्षकाची सही लागते. सासूबाईंनी कागद आणून ठेवलाय. मी म्हणालो, वाचून करतो. मागे न वाचता सही केली त्याचं काय झालं ते बघितलंच.

१५ डिसेंबर

सही अजून केलेली नाही. त्यांची कानस किंचित तिरकी चालते. आणखी दोन महिने सराव झाला तर बरं.

१९ डिसेंबर

मोजपट्टी लावून बघितली. कानस तिरकी चालत नाही. पण शटरच्या कुलपांचा अनुभव कमी पडतो.

२२ डिसेंबर

काल शटरची तीन कुलपं उघडून झाली. बायकोने विचारलं, "सही का करत नाही?"

"घाई कशाला? एकदा प्रमाणपत्र मिळालं की त्या कुठेही जायला मोकळ्या. बेकरीवाल्यांचा मेहुणा कुलपांचं मोठं दुकान काढतोय. चौकशी करत होता."

बायकोने हातातलं काम खाली ठेवलं. "अहो, ती दुकानातून जाईल. घरातून कुठे जाणार आहे?"

"दुकानाचंच म्हणतोय मी," म्हणालो.

तिने पेन आणून दिलं. सही केली. निळ्या फॉर्मइतकी सुरेख आली नाही.

२९ डिसेंबर

सकाळी नऊला सासूबाई दारात. प्रमाणपत्र पर्समध्ये. बेकरीवाल्यांच्या मेहुण्याला त्यांनी परस्पर नाही म्हणून कळवलंय. "त्यांच्याकडे कोणी उत्तर देत नाही, नुसती कुलपं देतात," म्हणाल्या. मी त्यांना गल्ल्यामागची खुर्ची दिली आणि त्या बसल्याही. मी आता स्टुलावर.

दुपारी एकाच वेळी दोन फोन आले. एका वाचनालयाचं कपाट, आणि तिकडे एका घरात गवयीबुवा कोठीत अडकलेले. मी हत्यारांची पिशवी उचलली तोवर सासूबाई चपला घालून गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या. गवयीबुवा त्यांनी घेतले. मी कपाट उघडून वीस मिनिटांत परत आलो आणि मोबाईल समोर ठेवून बसलो. काही अडलं तर त्या विचारणार. तास झाला. फोन नाही. एकदा मोबाईल चालू आहे ना ते बघितलं. चालू होता.

साडेचारला आल्या. पिशवी ठेवली, पाणी प्यायल्या.

"काही अडलं नाही?"

"अडलं की. दोनदा. बुवा आतून तानाही घेत होते, पिना ऐकू येईनात."

"मग मला फोन का नाही केला?"

"मीच मला विचारलं, का अडलंय. उत्तर आलं."

कसलं लॅच होतं, दार कुठे उघडत होतं, पट्टी वरून घातली की खालून, आणि खालून घातली तर का, असं मी विचारत गेलो आणि त्या सांगत गेल्या. त्यांनी जे केलं ते मला कधी सुचलं नसतं. शेवटी मी हिरवी वही ओढली आणि लिहून घ्यायला लागलो. बायको आम्हाला शोधत दुकानात आली तेव्हा सात वाजले होते, आणि शटर लावायचं दोघांच्याही लक्षात नव्हतं.